महुवा ते दीव, विकायला काढलेल्या सायकलवर

नाही आप्पा, तसं नाही. ट्रॉलीचा तळ बघायचं काम व्यापाऱ्याचं आहे. त्याने हात घालावा, त्याने उकरावं. आपण स्वतःहून तळातला जोड कांदा वर काढून त्याच्या तोंडासमोर धरायचा, असं चांदवडच्या मार्केटात दुसरं कोणी करत नाही. मी आठवीत शाळा सोडली तेव्हाही हेच म्हणत होतो, मागच्या आठवड्यात फोनवर पुन्हा हेच म्हणालो. आणि तुम्ही पुन्हा तेच म्हणालात, "तिथं खळ्यावर वांधा निघण्यापरीस इथंच पंचवीस कमी गेले तर गेले."

वाचणाऱ्यांना सांगतो. आमच्याकडे कांद्याचा लिलाव ट्रॉली वरवर बघून होतो. भाव ठरला की ट्रॉली व्यापाऱ्याच्या खळ्यावर जाते, तिथे माल खाली होतो, आणि तळात वेगळा कांदा निघाला की भांडण. त्या भांडणाला वांधा म्हणतात. वांधा निघाला की ठरलेला भाव तुटतो. म्हणून सगळे वर गोल, लालबुंद कांदा लावतात आणि देवाचं नाव घेतात. आमचे आप्पा, म्हणजे वडील, कोपरापर्यंत हात खुपसून तळातली बारीक चिंगळी, जोड कांदा, दांड्याचा डोंगळा असलं सगळं काढून लिलावातच दाखवतात. लहानपणी मी ट्रॉलीवर बसलेला असायचो. लोक हसायचे. मला वाटायचं, ट्रॉलीखाली जाऊन बसावं.

तर यावेळी भांडण कांद्यावरून नव्हतं, सायकलवरून होतं.

मी गुजरातमध्ये महुव्याला असतो. समुद्राकाठचं गाव, पांढऱ्या कांद्याचं. तिथे कांदा चिरून वाळवायच्या फॅक्टऱ्या आहेत, त्यातल्या एकीत मी ड्रायरवर काम करतो. त्याआधी सातपूरला एक वर्ष, सुरतेला दीड. एका जागी माझा जीव रमत नाही. महुव्यात मात्र दोन वर्षं टिकलो, त्याचं कारण ही सायकल. फॅक्टरीतला एक इंजिनिअर बदली होऊन गेला, त्याच्याकडून घेतली. अठरा गियरची, निळी. सुट्टीच्या दिवशी हिच्यावर बसलं की डोक्यातली घरघर बंद व्हायची.

आता घरची गोष्ट. माझी बहीण कविता अकरावीला आहे, चांदवडच्या कॉलेजात. गाव ते चांदवड आठ किलोमीटर. पूर्वी एसटीची मुक्कामी गाडी सकाळी साडेसहाला निघायची, ती बंद झाली. जीप भरल्याशिवाय हलत नाही, साडेनऊ होतात. कविताची प्रॅक्टिकलं साडेसातला. महिनाभर ती चालत गेली. मग आप्पा म्हणाले, "अंधारात पोरीला चालत पाठवायचं नाय. पुढल्या सोमवारपर्यंत काय सोय नाय झाली तर नाव काढतो." आप्पा दुष्ट नाहीत. पण एकदा बोलले की बोलले. आणि नाव काढलं की पुढे काय होतं ते आमच्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पाहुणे येतात.

कविताने चांदवडच्या दुकानात लेडीज सायकल बघून ठेवली होती. माझी पाठवता आली असती, पण ती उंच, मधे दांडी, आणि आठ किलोमीटरच्या त्या खडीवर तिच्या नाजूक चाकांचं काही खरं नव्हतं. म्हणून मी म्हणालो, ही विकतो, तुला नवी घे. फॅक्टरीत येणाऱ्या एका ट्रक ड्रायव्हरने दीवच्या हरजीकाकांचा नंबर दिला. ते पाहुण्यांना सायकली भाड्याने देतात. काका फोनवर हिंदीत म्हणाले, "चलती हालत में लाओ. देख के चार हजार दूँगा." महुव्यात हिचे दोन हजारही कोणी देत नव्हतं.

हे आप्पांना सांगितलं तर त्यांचा पहिला प्रश्न, "त्या वेल्डिंगचं सांगितलं का त्याला?"

वेल्डिंग असं, की पेडलच्या वर जिथे सीटची उभी नळी खालच्या नळीला भेटते, तिथे सायकल मागच्या दिवाळीत तडकली होती. फॅक्टरीच्या फिटरने वेल्डिंग मारलं, मी पॉलिश पेपरने घासून वर निळा रंग दिला. उभ्या सायकलला ते दिसत नाही. उलटी करून बोट फिरवलं तरच लागतं. मीच मूर्खासारखा आप्पांना कौतुकाने सांगून बसलो होतो, की कळतसुद्धा नाही बघा.

"नाही सांगणार," मी म्हणालो. "बघायचं काम त्याचं."

"सांगून टाक."

"आप्पा, फोनचे पैसे पडतात."

आणि ठेवला.

*

सायकल एसटीच्या टपावर टाकून नेता आली असती. पण महुवा ते दीव हा समुद्राकाठचा रस्ता दोन वर्षं माझ्या मनात होता, आणि विकायच्या आधी एकदा तरी त्यावरून जायचंच होतं. कोणाला जायचं असेल त्यांच्यासाठी: महुव्याहून हायवेने राजुल्याजवळची हिंडोरणा चोकडी, म्हणजे चौफुली, तिथून डावीकडे जाफराबाद, जाफराबादहून टींबीला येऊन परत हायवे, मग ऊना, मग दीव. सगळं मिळून सव्वाशेच्या आसपास. सरळ हायवेने गेलात तर कमी पडतं, पण समुद्र हायवेवरून दिसत नाही. मला समुद्र बघायचा होता. दिसला की नाही ते पुढे सांगतो.

फेब्रुवारीचा शनिवार. पहाटे पाचला निघालो. खोलीतला जोडीदार भाऊसाहेब, विंचूरचा, पांघरुणातूनच म्हणाला, "बाहेर बघितलं का? आंधळ्या, जाशील ट्रकखाली."

बाहेर धुई होती. आमच्याकडे धुक्याला धुई म्हणतात, आणि ती चांगली गोष्ट समजत नाहीत. धुई पडली की कांद्यावर करपा येतो, पात पिवळी पडते, पाठीवर पंप घेऊन फवारत फिरावं लागतं. इकडे तिला झाकळ म्हणतात. थंडी संपत आली की समुद्रावरून येते आणि सकाळचे दहा-अकरा वाजेपर्यंत हलत नाही. मला हे माहीत होतं. इतकी असेल हे माहीत नव्हतं. पुढचं चाक दिसत होतं, त्यापुढचं काही नाही.

मागे लाल टॉर्च बांधली होती, ती बांधाच. पुढे टॉर्च लावू नका, उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. मी डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर चाक ठेवलं आणि पट्टा जाईल तिकडे गेलो. अडचण अशी, की पट्टा जागोजाग पुसलेला. पुसला की थांबायचं, पायाने डांबर चाचपायचं, परत निघायचं. ट्रक आधी ऐकू येतात, मग वास येतो, मग एकदम दोन पिवळे डाग. पीपावाव बंदराकडे जाणारे मोठे ट्रेलर. प्रत्येक वेळी मी रस्ता सोडून खाली उतरायचो. पहिल्या तासात दहा किलोमीटर झाले नसतील. भुवयांवरून पाणी गळत होतं, स्वेटर ओला, आणि पाऊस तर नाहीच.

आणि ती सायकल. चढ लागला, जोर दिला, की खालून आवाज. कट्.

फार नाही, बोटं मोडल्यासारखा. धुक्यात दुसरं काही ऐकायला नसतं, त्यामुळे मी तेवढंच ऐकत होतो. सपाटीला नाही. चढाला, उजवा पाय खाली जाताना. कट्. मी स्वतःला सांगितलं, चेन असेल. चेनला धुक्यातलं खारं पाणी लागलंय. मग उतरून चेनला तेल दिलं. पुढच्या चढाला कट्.

साडेसातला एका टपरीवर थांबलो. टपरीवाल्याने माझ्याकडे बघून आधी बाकडं पुसलं, मग मला पुसायला फडकं दिलं. चहा तीन रुपये, गाठिया दहाचे, सोबत कच्च्या पपईचा सांभारो आणि तळलेली मिरची. हे फुकट असतं, परत मागितलं तरी देतात. शेकोटीजवळ दोन ट्रकवाले बसले होते.

"किधर से?"

"महुवा."

"साइकिल पे? किसने भगाया?"

"कोई नहीं. बेचने जा रहा हूँ."

दुसरा पहिल्याला म्हणाला, "देख, बेचने के लिए भी चला के ले जा रहा है. बैल बाजार में ऐसे ही जाते हैं." दोघं हसले. मलाही हसू आलं, पण ते तोंडातच राहिलं. आमच्याकडे खरंच तसं जातात. आदल्या दिवशी धुऊन, शिंगं रंगवून. मीही आदल्या संध्याकाळी हिला रॉकेलने पुसून काढलं होतं.

*

हिंडोरण्याला नऊ वाजून गेले. तिथून डावीकडे वळलो आणि ट्रक संपले. हा वीसेक किलोमीटरचा पट्टा सगळ्या प्रवासात चांगला, म्हणजे चांगला असावा. दोन्ही बाजूंनी मीठ पिकवायचे सपाट वाफे, मधे मिठाचे ढीग, आणि सगळ्यावर धुकं, त्यामुळे ढीग कुठला आणि हवा कुठली कळत नाही. एका वाफ्यात उंच पायांचे पक्षी उभे होते. किती ते मोजता येईना, मागचे पुसट होत होत नसल्यासारखे झाले होते. मी थांबलो. त्यांनी माना वळवल्या. मग मला तहान लागली आणि मी निघालो. दमलेल्या माणसाला सुंदर गोष्टीपुढे फार वेळ उभं राहता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

रस्ता खडीचा. हाताला फोड यायला लागले. हातमोजे घ्या, नसतील तर हँडलला जुनी सुती साडी गुंडाळा. मी काहीच केलं नव्हतं.

जाफराबाद वासाने आलं. गाव दिसायच्या आधी दोन किलोमीटर सुक्या बोंबलाचा वास, आणि मला एकदम चांदवडचा आठवडे बाजार आठवला, आई पदराने नाक धरून बोंबील निवडतेय. ते बोंबील इथले. समुद्राच्या कडेला बांबूंचे मांडव, मांडवांना दोऱ्या, दोऱ्यांवर जोडीजोडीने तोंडात तोंड अडकवून टांगलेले बोंबील, हजारोंनी. पलीकडे समुद्र असणार. लाटेचा आवाज येत होता, इतका जवळ की पाय भिजेल असं वाटावं. पण मांडवापलीकडे पांढरं, आणि पांढऱ्यापलीकडे आवाज.

एक बाई टोपली घेऊन बसली होती, आईच्या वयाची. लोक तिला जमनाबेन म्हणत होते.

"ले भाई, सूखा बुमला. कहाँ का है तू?"

"नासिक."

"अरे, नासिकवाले तो बोरी भर के ले जाते हैं. ले, आधा किलो."

मी वरचा एक उचलून वाकवला. कट्कन मोडला, चांगला वाळलेला. मग सवयीने हात टोपलीत खाली घातला. ड्रायरवर माझं काम हेच आहे, कांद्याची चकती बोटात धरून ओल सांगायची, मशीन नंतर सांगतं. खालचा बोंबील वाकला, मोडला नाही.

"बेन, नीचे का गीला है."

"झाकळ है तो गीला है. झाकळ मैंने बुलाया क्या?"

"बताना तो चाहिए ना."

"बताती तो तू लेता?"

"नहीं लेता."

"तो फिर?" तिने शेजारणीकडे बघितलं. शेजारीण म्हणाली, "ये तो पुलिस निकला, पुलिस. साइकिलवाला पुलिस." दोघी मांडव हलेल इतक्या हसल्या. मग जमनाबेनने वरचेच अर्धा किलो मोजून दिले, वीस रुपये, आणि वर दोन फुकट. "माँ को बोलना, जाफराबाद का है."

मी खूश होऊन निघालो. आप्पांना हे सांगायलाच पाहिजे असं वाटलं. बघा, सगळी दुनिया वर सुकं लावते आणि खाली ओलं. ज्याला हात घालता येतो तो घालतो. जमनाबेन वाईट बाई नव्हती, तिने दोन फुकट दिले. धंदा असा असतो. पुढचे पाच किलोमीटर मी आप्पांशी मनातल्या मनात भांडलो आणि प्रत्येक वेळी जिंकलो.

*

अकराच्या पुढे धुकं फाटलं आणि खाली ऊन तयारच होतं. ओला स्वेटर काढून हँडलला टांगला. जाफराबाद ते टींबी वाऱ्याने मारलं. समोरून वारा, सपाट रस्ता, झाड नाही. गियर अठरा असले तरी पाय दोनच असतात. टींबीला पाण्याची टाकी आहे, तिथे डोकं धरून बसलो. एका म्हाताऱ्याने विचारलं, "बीमार है?" मी म्हणालो, "नहीं, घूमने निकला हूँ." तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला.

खरं सांगतो, टींबी ते ऊना मला नीट आठवत नाही. मांडीत गोळा आला म्हणून दोनदा उतरलो. चढांवर कट् आता न चुकता. मी जोर देताना श्वास धरायला लागलो, जशी काही ती माझीच हाडं. एका चढावर मनात आलं, ही आत्ता इथे मोडली तर? मग वाटलं, मोडू नको बाई, अजून चाळीस किलोमीटर. दीवला गेल्यावर काय ते कर.

काय ते कर. हे वाक्य मी बोललो आणि पुढे गेलो. तेव्हा त्यात काही खटकलं नाही.

ऊन्याला अडीच वाजता जेवलो. बाजरीचा रोटला, वांग्याची भाजी, गूळ, आणि ताक मागाल तितकं, पंचवीस रुपये. ऊना ते दीव पंधरा किलोमीटर, रस्ता चांगला. वाटेत देलवाडा, मग नाका. दीवमध्ये दारू चालते आणि गुजरातमध्ये नाही, त्यामुळे जाणाऱ्याला कोणी विचारत नाही, येणाऱ्याची झडती होते. तरी एक पोलीस माझी पिशवी हुंगून म्हणाला, "इसमें क्या है?" "बुमला." "जा जा."

घोघल्याच्या पुलावर उतरलो. खाली खाडी, होड्या, पाणी शिसं ओतल्यासारखं. समुद्राच्या बाजूला अजूनही पांढरी झाक बसलेली, पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे लागतं ते दिसेना. पूल पार करताना मी चढाला बसून न राहता उभा राहून पेडल मारलं. शेवटचं होतं म्हणून.

*

हरजीकाका साठीचे, टक्कल, बनियनवर शर्टाची दोन बटणं. त्यांचं दुकान म्हणजे भिंतीला टेकवलेल्या वीस सायकली. मला बघून म्हणाले, "सच में चला के आया? पागल." मग पाणी दिलं, मग सायकल घेतली. ब्रेक दाबले, चाकं उचलून फिरवली, गियर टाकून एक चक्कर मारून आले. घंटी वाजवली. सीटवर थाप दिली. सगळं बघितलं, वरून.

"माल अच्छा है," ते म्हणाले, आणि खिशातून पाचशेच्या आठ नोटा काढून माझ्या हातात दिल्या. हाताला फोड, नोटा नव्या, टोचल्या. मी त्या पिशवीत बोंबलांच्या पुडीखाली ठेवल्या. झालं. चाळीस सेकंद लागले नसतील.

चहा येत होता म्हणून मी बसलो. नाहीतर गेलो असतो. तेवढ्यात राजकोटच्या दोन कॉलेजच्या पोरी आल्या, सहलीच्या. एक दोन वेण्यांची, कविताएवढी, तशीच हडकुळी.

"काका, ये गियरवाली नई है? कल सुबह हमको देना. नागवा बीच तक जाएँगे."

"ले जाओ ना. अभी आई है. बैठ के देखो."

पोरगी बसली. पाय पुरेना म्हणून सीटवरून उठून उजव्या पेडलवर सगळा भार देऊन उभी राहिली.

कट्.

कोणी ऐकलं नाही. काका चहावाल्याला हाक मारत होते, पोरी हसत होत्या. मी एकटाच दिवसभर तो आवाज ऐकत आलो होतो, म्हणून मलाच ऐकू आला.

 मनात कविता अंधारात चालत होती. सोमवार परवावर आला होता. मी म्हणालो, "काका, इसको उलटा करो."

"क्या?"

मीच उठून पोरीला उतरवलं, सायकल उलटी केली आणि काकांचं बोट धरून त्या जागेवर फिरवलं. "यहाँ से टूटी थी. वेल्डिंग है. आज आवाज कर रही है."

काकांनी बोट तिथेच ठेवून माझ्याकडे बघितलं. पोरी दुसऱ्या सायकलीकडे सरकल्या.

"पैसा जेब में डाल के बोलता है?" काका ओरडले. "बोलना था तो पहले बोलता. नहीं बोलना था तो कभी नहीं बोलता. ये बीच में बोलना किसने सिखाया?"

"बाप ने," मी म्हणालो.

"बाप को बोल, अधूरा सिखाया है."

मी नोटा काढून त्यांच्यापुढे धरल्या. त्यांनी घेतल्या नाहीत. सायकलीभोवती दोन फेऱ्या मारल्या, वेल्डिंगवर नखाने टोकरलं, शिवी दिली, ती मला की फिटरला कळलं नाही. चहा आला. चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, "फ्रेम का काम ऊना में कराना पड़ेगा. पट्टी मार के. सत्ताईस सौ. लेना है तो ले, नहीं तो वापस चला के जा." माझ्या पायांकडे बघून त्यांनी हे शेवटचं म्हटलं असणार.

मी सत्तावीसशे घेतले.

त्यांनी मला खालच्या खानावळीत जेवायला नेलं आणि दुकानाच्या ओट्यावर झोपायला गोधडी दिली. गेस्ट हाऊसला दीडशे पडतात, कोणाला लागतील तर. सकाळी निघताना म्हणाले, "दूसरा गियरवाला मिले तो लाना. पर उलटा कर के लाना."

सकाळी उठून मी समुद्राकडे चालत गेलो होतो. पाय लाकडासारखे. धुकं होतंच. वाळूवर बसलो, लाटांचा आवाज ऐकला, चपला ओल्या झाल्या म्हणजे समुद्र आला असणार. अर्ध्या तासाने बसची वेळ झाली. ऊन्याहून महुव्याची एसटी, पंचावन्न रुपये. काल दिवसभर जो रस्ता मी पायाने मोजला तो खिडकीतून तीन-साडेतीन तासांत संपला. झोपेत पाय पेडल मारत होते. शेजारच्या बाईने माझा गुडघा दोनदा ढकलला.

*

खोलीवर आलो तर भाऊसाहेब म्हणाला, "चार मिळाले?"

"सत्तावीसशे."

सगळं सांगितल्यावर त्याने कपाळावर हात मारला. "पैसे हातात आल्यावर? येड्या, तेव्हा तर तू राजा होतास!"

मग घरी फोन केला. आधी कविता आली. तिला चार हजारांचं सांगून ठेवलं होतं. मी सरळ सांगितलं. तिने मनात हिशेब केला. मग म्हणाली, "दादा, मी बघितलेली तीन हजारांची होती. दुसरी आहे साधी, सव्वीसशे पन्नासची. तिला बास्केट नाही, एवढंच. पुस्तकं मी मागे बांधीन." मग म्हणाली, "समुद्र दिसला का?"

"नाही. आवाज आला."

"एवढी सायकल चालवून?"

"हो ना."

ती हसली. मला बरं वाटलं. मग आप्पा आले.

"सांगितलं का सगळं त्याला?"

"सांगितलं."

"आधी?"

 फोनचे पैसे पडत होते. "पैसे घेतल्यावर," मी म्हणालो.

पलीकडे आप्पा हसायला लागले. ते असे हसलेले मला आठवत नाहीत. "आरं येड्या, म्हंजे खळ्यावर जाऊन तळ दाखवलास तू! मंग वांधा निघालाच की!"

"निघाला."

"किती तोडले?"

"तेराशे."

"लय तोडले," आप्पा म्हणाले. मग, "माल परत नाय ना आला?"

"नाही."

"मंग बास. कविताला सोमवारी मी सोडतो उसाच्या ट्रॅक्टरवर. मनीऑर्डर येऊस्तोवर रोज सोडीन. नाव काय काढत नाय."

हे मी कोणाला पटवायला लिहीत नाही. ट्रॉलीचा तळ दाखवावा असं मला अजूनही वाटत नाही, आणि आप्पांशी ते भांडण पुढच्या हंगामातही होईल. तुम्ही हा रस्ता केलात तर फेब्रुवारी टाळा, हातमोजे घ्या, जाफराबादला बोंबील घ्या पण खाली हात घालून, बघून घ्या. हाताचे फोड अजून ठणकतात. सायकल उभी करायचो त्या भिंतीवर हँडलचा काळा डाग राहिलाय, भाऊसाहेब तिथे कॅलेंडर लावू म्हणतो. मी नको म्हणालो. पिशवीचा वास धुऊनही जात नाही.

उद्या सोमवार, पोस्ट दहाला उघडतं. सायकलचे सत्तावीसशे, आणि बास्केटचे दीडशे माझ्याकडून. मनीऑर्डर, रुपये दोन हजार आठशे पन्नास.